दुसऱ्या विवाहावर बंदी येईल. दुसऱ्या पत्नीचे काय?

समान नागरी संहितेच्या मसुद्यासाठी गुजरात सरकारने ४ फेब्रुवारी २०२५ रोजी निवृत्त न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुरतच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाचे माजी कुलगुरू दक्षेश ठाकर तिचे एक सदस्य. ज्यांचे नाव या विद्यापीठाला आहे, ते कवी नर्मद स्त्रीशिक्षण आणि विधवाविवाहाचे कट्टर पुरस्कर्ते होते. पत्नी डाहीगौरी हयात असतानाच त्यांनी १८६९ मध्ये नर्मदागौरी या विधवेशी विवाह केला. एका स्त्रीला आधार देणारी सुधारणा दुसरीच्या संसारात वाटेकरी घेऊन आली. हा पेच आजही सुटलेला नाही.

बहुपत्नीत्व ही एकाच धर्माची प्रथा असल्याचा समज आकडेवारीला मान्य नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पतीला अन्य पत्नी असल्याचे सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण मुस्लिमांत १.९ टक्के, हिंदूंत १.३ टक्के, तर अनुसूचित जमातींत २.४ टक्के होते. शिक्षण वाढते तसे हे प्रमाण घटते. म्हणजे ज्यांच्या हाती पदवी वा पगार नाही, त्याच स्त्रिया प्रामुख्याने अशा संसारात आहेत.

तथापि, शिकलेल्या स्त्रीचीही वाट सोपी नाही. पत्नी हयात असलेल्या पुरुषाशी विवाह करण्यास केंद्रीय सेवानियम कर्मचारी स्त्रीला सर्वसाधारणपणे मनाई करतात. अशा विवाहाने तिची नोकरीच धोक्यात येते. खासगी कामावर असा अडसर नाही, पण संरक्षणही नाही. सुरतेत घरी बसून साड्यांवर टिकल्या आणि खडे लावणाऱ्या स्त्रीला नगावर मजुरी मिळते. कमाईची कोठे नोंद नाही आणि विवाहालाही मान्यता नाही, अशा स्थितीत मुलांचे शिक्षण तिने कोणाच्या भरवशावर करावे?

हिंदू विवाह कायद्यानुसार १९५५ पासून दुसरा विवाह निरर्थक ठरतो. अशा पत्नीला फौजदारी संहितेखाली पोटगी मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये यमुनाबाई आढाव प्रकरणात म्हटले. पहिला विवाह लपवून फसवलेल्या स्त्रीला मात्र २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने पोटगीचा हक्क दिला. त्यासाठी तिला न्यायालयाची पायरी चढावी लागली. बंदीला वळसा घालण्याचे मार्गही समाज शोधतोच. १९७०-८० च्या दशकांत गुजरातेत ‘मैत्री करार’ बोकाळले. विवाहित पुरुष मुद्रांकावर दुसऱ्या स्त्रीशी करार करी. तिच्या हाती कागद येई, पत्नीचा दर्जा येत नसे.

नव्या संहितेतही हीच भीती आहे. उत्तराखंडने आपल्या संहितेतून अनुसूचित जमातींना वगळले. आदिवासींच्या रूढींना धक्का लागणार नाही, असे आश्वासन गुजरात सरकारनेही दिले. रूढींचा मान राखणे योग्यच. परंतु जेथे प्रमाण सर्वाधिक, तेथील स्त्रीच कक्षेबाहेर राहिली, तर सुरत जिल्ह्याच्या उमरपाडा, मांडवीसारख्या आदिवासी तालुक्यांत काय बदलणार?

संहितेच्या चर्चेत गोव्याचे नाव हमखास आदर्श म्हणून घेतले जाते. ते घेताना १८८० च्या फर्मानाचा विसर पडतो. पत्नीला पंचविशीपर्यंत मूल किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर हिंदू पुरुषाला दुसऱ्या विवाहाची मुभा त्याने दिली होती. गोव्याचे खरे बळ वेगळ्याच तरतुदीत आहे. विवाहापूर्वी अन्य करार झाला नसेल, तर पतिपत्नीची मालमत्ता समाईक ठरते आणि निम्म्या वाट्यावर पत्नीचा हक्क असतो. घरात हक्काचा वाटा असलेली स्त्री सवत आणण्यास नकार देऊ शकते, शिक्षण पुढे नेऊ शकते, नोकरीचा निर्णय स्वतः घेऊ शकते.

गुजरातने बंदी जरूर घालावी. पण आज अशा संसारात असलेल्या स्त्रियांना पोटगी, निवारा आणि मुलांच्या शिक्षणाची हमीही द्यावी. अन्यथा गुन्हेगार ठरेल पुरुष आणि शिक्षा भोगेल ती.