चन्नम्माची मजुरी

‘अस्तु’ हा चित्रपट २०१३ सालचा. त्याच्याविषयीं आतां लिहिणें म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणणें आहे, असें कोणी म्हणेल तर आम्ही वाद घालणार नाहीं. परंतु गेल्या हिंवाळ्यांत जव्हार येथें आमच्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत बसून तो आम्हीं पुन्हां पाहिला, आणि या चित्रपटावर झालेल्या स्तुतीविषयीं आमच्या मनांत जी अढी होती ती बोलून दाखविल्यावांचून राहवेना. अढी चित्रपटाविषयीं नाहीं; स्तुतीविषयीं आहे.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांची ही कृति एका वृद्ध संस्कृत पंडिताची कथा सांगते. चक्रपाणि शास्त्री यांची स्मृति झडत चालली आहे. मुलगी त्यांना मोटारींत बसवून कांहीं कामासाठीं खालीं उतरते. रस्त्यानें हत्ती जात असतो. म्हातारा लहान मुलासारखा मोटारींतून बाहेर पडून हत्तीच्या मागें चालूं लागतो. मग त्याला सांभाळते ती माहुताची बायको चन्नम्मा. तिची बोली कानडी. याच्या ओठांवर उरलें आहे तें संस्कृत. दोघांत समान असें कांहींच नाहीं, तरीहि मैत्री होते. मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. त्यांच्या मुद्रेवरचें विस्मरण अभिनय म्हणून कोठेंहि टोंचत नाहीं. चन्नम्माच्या भूमिकेबद्दल अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोहि योग्यच होता. आरडाओरडा नाहीं, अश्रूंचे पाट नाहींत. मराठींत असे संयमी चित्रपट किती निघतात?

येथपर्यंत रसिकांचें व आमचें एकमत आहे. पुढें मात्र आमची वाट वेगळी होते. जी शुश्रूषा शिकल्यासवरल्या मुलीला पेलली नाहीं ती या निरक्षर बाईला ‘सहज’ साधली, गरिबाच्या उरांत ओलावा उपजतच असतो, असा या चित्रपटाचा अर्थ सांगण्याची प्रथा पडली आहे. या ‘सहज’ शब्दाशीं आमचें भांडण आहे.

प्रथम हिशेबाचा प्रश्न. मुलीनें सांभाळलें तें दिवसेंदिवस, नोकरी, संसार आणि स्वतःचें अपत्य यांच्या ओढाताणींत. चन्नम्मानें सांभाळलें तें घटकाभर. घटकाभराच्या सेवेनें वर्षांच्या सेवेला लाजवावें, हा न्याय कोठला? दिग्दर्शकांनीं तो केलेला नाहीं. मुलीचा शीण त्यांनीं मोठ्या सहानुभूतीनें दाखविला आहे. तो आमच्या टीकाकारांना दिसला नाहीं, इतकेंच.

परंतु याहून मोठी गोष्ट आमच्या एका विद्यार्थिनीनें दाखवून दिली. चित्रपट संपल्यावर आम्हीं प्राध्यापकी थाटांत करुणरसावर चार शब्द बोललों. ती मुलगी मोखाड्याकडील एका पाड्यावरची. वर्गांत कधीं तोंड न उघडणारी. तिनें उभें राहून विचारलें, “सर, ती बाई म्हाताऱ्यापाशीं बसली, तेव्हां तिच्या कामाचं काय झालं?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. मागाहून कळलें कीं, भात-नागलीचीं कामें उरकून दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर गेले कीं घरीं आंधळी आजी आणि ही नात अशा दोघीच उरतात. आजीला उठवणें, बाहेर नेऊन आणणें, भरवणें हें सर्व तिच्याकडे. त्या महिन्यांत ती वर्गांत येत नसे. आम्हीं तिच्या नांवापुढें गैरहजेरी मांडली होती आणि एकदां, लाज वाटते सांगतांना, तिला आळशीहि म्हटलें होतें.

जव्हार-मोखाड्यांत ही एका घराची कथा नव्हे. भिवंडी-वसईकडील भट्ट्यांवर कुटुंबें उचल घेऊन जातात, तीं पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर चालणारे हात हवे असतात. न चालणारा पाय, न दिसणारा डोळा तेथें नको असतो. मग अपंग मूल किंवा जर्जर म्हातारें यांना बरोबर न्यावें तर मजुरी घटते, मागें ठेवावें तर कोणाला तरी मागें राहावें लागतें. जो मागें राहतो त्याची कमाई बुडते, किंवा शाळा बुडते. यांत ‘सहज’ काय आहे? १९९२-९३ सालीं वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनीं जव्हार तालुक्याचें नांव सर्वत्र झालें. तेव्हांपासून शहरवासीयांस येथील माणूस दोनच रूपांत दिसतो: उपाशी मूल, नाहींतर तारपा वाजविणारा निरागस वनवासी. घाम गाळून, जागरण करून, चिडून, पुन्हां शांत होऊन आजारी माणसाचें अंथरूण काढणारी बाई या दोन्ही चित्रांत बसत नाहीं.

इंग्रजी काव्य शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं, म्हणून एक दाखला द्यावासा वाटतो. वर्ड्‌स्वर्थनें कंबरलंडच्या म्हाताऱ्या भिकाऱ्यावर एक कविता लिहिली. ती १८०० सालीं छापली गेली. त्या भिकाऱ्याला अनाथगृहांत कोंडूं नका, तो दारोदार फिरतो म्हणूनच गांवकऱ्यांच्या मनांत दया जिवंत राहते, असा कवीचा युक्तिवाद. कोंडवाड्याचा तिटकारा त्यांत आहे, तो आम्हांस मान्य. परंतु दुसऱ्याच्या दैन्याचा उपयोग आपल्या चित्तशुद्धीसाठीं करण्याची जी खोड त्यांत आहे, तीच आमच्या रसिकांत उतरली आहे. त्यांनीं फक्त पात्र बदललें: भिकाऱ्याऐवजीं त्याची शुश्रूषा करणारी बाई.

या बाईच्या श्रमाला कायद्यानें मात्र नांव दिलें आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें मान्य अपंगत्वांचे प्रकार ७ वरून २१ केले. आदिवासी भागांत पुष्कळ आढळणारा सिकलसेल त्यांत आला. त्याच कायद्याच्या २४ व्या कलमांत, ज्यांना अधिक आधार लागतो अशा अपंगांसाठीं काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. अर्थात् सरकारच्या ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेंत’! कुवत कोणाची किती, हें भट्टीवरून उचल घेतलेल्या माणसाला विचारावें. पालघर जिल्हा २०१४ सालीं स्वतंत्र झाला, ठाण्याची वारी चुकली, हें खरें. पण मोखाड्याच्या पाड्यावरून अपंगाला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणीं जाणें म्हणजे त्याच्याबरोबर जाणाराचाहि रोज बुडणें आहे.

कलाकृतीनें हे हिशेब मांडावे असा आमचा आग्रह नाहीं. जमाखर्चाची वही म्हणजे चित्रपट नव्हे. परंतु टीकाकाराला ही सवलत नाहीं. चन्नम्माला देवता करणाऱ्या एकाहि लेखकानें, म्हातारा घरीं परतल्यावर दुसऱ्या दिवशीं तिच्या चुलीवर काय शिजलें असेल, हें विचारलेलें आमच्या वाचनांत नाहीं. ते कोणी विचारणार असतील तर आमच्या त्या विद्यार्थिनीला वाद घालायला आम्ही खुशाल पाठवूं. फक्त दिवाळीनंतर बोलावूं नये, तेव्हां तिला घरीं काम असतें.