आधी अर्थिंग पाहा, मग कंडिशनर

घरातल्या म्युझिक सिस्टिमला पॉवर कंडिशनर लावावा का, असे यंदा बऱ्याच पालकांनी आम्हाला विचारले. शाळेच्या संगीत कक्षासाठी आलेल्या कोटेशनमध्येही ही एक ओळ आहे, म्हणजे विश्वस्तांपुढेही तोच प्रश्न आहे. विकणाऱ्याचे म्हणणे असे की वीज 'शुद्ध' झाली की आवाज खुलतो, तानपुऱ्याची जवारी वेगळी ऐकू येते. अमीर खाँसाहेबांच्या आणि शेजारच्या देवासमध्ये राहून गेलेल्या कुमारजींच्या ध्वनिमुद्रणांवर जीव असलेल्या आपल्या इंदूरकरांना हे बोलणे लगेच पटते. आमचे मत मात्र वेगळे आहे. चांगला सर्ज प्रोटेक्टर जरूर घ्यावा, कंडिशनरवर पैसे घालू नयेत, आणि दोहोंच्या आधी घरचे अर्थिंग तपासून घ्यावे.

कंडिशनर का नको, हे आठवी-नववीच्या मुलांनाही कळेल. भिंतीतल्या सॉकेटमधून २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तने घेणारी वीज येते. अ‍ॅम्प्लिफायर ती तशीच स्पीकरला देत नाही. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब बदलतो, रेक्टिफायर तिला एका दिशेने वाहायला लावतो आणि मोठे कपॅसिटर ती साठवून ठेवतात. हे कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरले जातात. नळाला पाणी धक्क्याधक्क्याने आले तरी गच्चीवरच्या टाकीतून खाली धार एकसारखी पडते, तसेच हे आहे. बहुतेक कंडिशनरांच्या पेटीत तारेची वेटोळी आणि कपॅसिटर यांचा फिल्टर असतो. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आत जे काम करतोच, तेच थोडेसे बाहेर करण्याचे हे पैसे. हल्लीची पुष्कळ उपकरणे तर १०० ते २४० व्होल्टमधल्या कोणत्याही दाबावर चालतात. मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणाऱ्या छोट्या स्पीकरला यातले काहीच लागत नाही.

सर्ज प्रोटेक्टरचे काम निराळे आहे. तो आवाज सुधारत नाही, यंत्र वाचवतो. त्यात झिंक ऑक्साइडची एक चकती असते. नेहमीच्या दाबाला ती वीज वाहू देत नाही; दाब एकाएकी उसळला की वाट मोकळी करून तो धक्का स्वतःवर घेते. प्रत्येक धक्क्याबरोबर चकती थोडी झिजते, म्हणून दहा वर्षे जुना प्रोटेक्टर नुसता एक्स्टेन्शन बोर्ड होऊन बसलेला असू शकतो. बाजारात स्पाइक गार्ड म्हणून मिळणाऱ्या कित्येक स्वस्त पट्ट्यांत लाल दिव्याच्या बटणापलीकडे काही नसते. घेताना किती ज्यूल शोषतो हे छापलेले आहे का, आणि संरक्षण संपल्याचे दाखवणारा दिवा आहे का, एवढे पाहावे.

आता खरी गोष्ट. उसळलेली वीज जमिनीत जायची तर जमिनीपर्यंत वाट हवी. रामबागेकडच्या किंवा राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत लाकडी पट्टीवरच्या दोन तारांचे वायरिंग अजून कुठे कुठे सापडते. तिथे नवे तीन पिनांचे सॉकेट बसवलेले असते, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच नसते. त्याहून वाईट म्हणजे काही वायरमन त्या भोकाला न्यूट्रलच जोडून देतात. टेस्टरने पाहिले तर सगळे ठीक दिसते. पण पुढे कधी न्यूट्रल तुटला की अ‍ॅम्प्लिफायरच्या, फ्रिजच्या, कूलरच्या लोखंडी अंगावर २३० व्होल्ट येतात, आणि त्याला हात लावणारे बहुधा घरातले मूल असते. अशा सॉकेटवर वीस-पंचवीस हजारांचा कंडिशनर ठेवणे म्हणजे भिंत ओली असताना वरून रंग लावणे. जिथे अर्थिंग आहे तिथेही ते जिवंत आहे का हे पाहावे लागते. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो. पूर्वीची माणसे त्या खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये पाणी घालत. ती सवय पुन्हा लावायला हवी. जोडीला ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी बसवला तर माणसाचा जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

सर्ज प्रोटेक्टरलाही मर्यादा आहेत. खांबावरचा न्यूट्रल तुटला तर घरात दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढू शकतो आणि तसाच टिकून राहतो. क्षणभराच्या धक्क्यासाठी केलेली चकती तिथे जळून जाते. त्यासाठी दाब मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारे वेगळे उपकरण मीटरजवळ लागते. स्टॅबिलायझरचे मुख्य काम कमी-जास्त दाब सावरण्याचे. क्षणार्धाच्या उसळीला त्याची रिले पुरी पडत नाही. आणि जूनमध्ये वळिवाचा गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवण्याइतका चांगला उपाय नाही. त्या वेळी डिश अँटेनाची केबलही काढावी, वीज त्या वाटेनेही येते.

राहिली घरघर. स्पीकरमधून सतत 'हूं' येते म्हणून कंडिशनर घेणारे आहेत. बहुतेक वेळा टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन निराळ्या ठिकाणी अर्थ झालेले असतात, म्हणून तो आवाज येतो. दोन्ही एकाच बोर्डावर लावून पाहावे. यात पैसा लागत नाही. मात्र घरघर घालवण्यासाठी अर्थची पिन कापणे हा उपाय कोणी सुचवला तर त्याला हात जोडावेत. पंखा लावला की खरखर होते, तर जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बदलावा. इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, तर तो इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल. शेजारी वेल्डिंगचे दुकान असेल तर फिल्टरचा उपयोग होऊही शकतो, हे आम्ही नाकारत नाही. पण आधी मागून आणून ऐकावे.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती एवढीच की कोटेशनमधली कंडिशनरची ओळ गाळावी आणि त्या पैशांत परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून संगीत कक्षाचेच नव्हे, प्रयोगशाळेचे आणि पाण्याच्या कूलरचेही अर्थिंग मोजून घ्यावे. त्याचे आकडे सूचनाफलकावर लावावेत.

ज्यांच्या घरी कंडिशनर आहे आणि ज्यांना फरक ऐकू येतो, त्यांनी तो शाळेत आणावा. पडद्यामागे दहावीची मुले नाणे उडवून तो कधी लावतील, कधी काढतील. आवाजाची पातळी तीच राहील. दहा वेळा ओळखायचे. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ पैकी ११ आहे. ती कशी, हे गणिताच्या तासाला मुलांनी काढून दाखवावे. कोणी नऊ बरोबर ओळखली, तर त्या पालकांचे म्हणणे आम्ही याच पानावर छापू.