प्रश्न एक, विद्यापीठे चार

उन्हाळी परीक्षांचे निकाल लागले, की वऱ्हाडातल्या घराघरांत एक जुना प्रश्न नव्याने निघतो : पुढे काय? दहावी-बारावीच्या पोरांसाठी त्याची उत्तरे ठरलेली असतात. पण एम. ए., एम. एस्सी. झालेल्या मुलाने किंवा मुलीने ‘मला पीएच. डी. करायची आहे’ असे म्हटले, की घरात क्षणभर शांतता पसरते. ‘आता अजून कायले शिकतं बाप्पा?’ असे आजोबा विचारतात. वडिलांना खर्च आठवतो, आईला मुलीचे वय आठवते. त्यातच ‘माझा विषय एका शास्त्रात मावत नाही, तो भूगर्भशास्त्र, शेती आणि समाजशास्त्र यांच्या बांधावर आहे’ असे त्या मुलीने सांगितले, तर घरच्यांचेच काय, विद्यापीठातल्या कारकुनाचेही कपाळ आक्रसते. अर्जावर ‘विषय’ या शब्दापुढे एकच रकाना असतो. बांधावरची जमीन नेमकी कोणाची, हा वाद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतो. बांधावरच्या विषयाचेही तसेच आहे.

आणि तरीही, आपल्या मुलुखातले महत्त्वाचे प्रश्न नेमके बांधावरचेच आहेत. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. अकोल्याहून अकोटला जावे. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा हा रस्ता गांधीग्रामजवळ पूर्णा नदी ओलांडतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांना व्यापणारा पट्टा म्हणजे आपला खारपाणपट्टा. येथे जमिनीखाली पाणी आहे, पण ते पिता येत नाही. विहीर आहे, पण तिच्या पाण्यावर ओलित करावे तर भारी काळी जमीन बिघडते. तेथून उत्तरेकडे सरकत अकोटच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी गेले, की चित्र पालटते. तेथे पाणी गोडे, म्हणून संत्र्याच्या बागा, केळी आणि पानमळे. एकाच तालुक्यात, एसटीने तासाभराच्या अंतरावर, पाण्याच्या चवीवरून माणसांचे नशीब बदलते.

आता समजा, अकोटच्या एखाद्या विद्यार्थिनीने ठरवले, की खारपाणपट्ट्यातल्या गावाने पुढची पन्नास वर्षे कशी काढायची, याचाच अभ्यास करायचा. मग तिला काय काय पाहावे लागेल? भूजलात क्षार आले कोठून, हा भूगर्भशास्त्राचा प्रश्न. त्या मातीत कपाशी आणि हरभरा किती तग धरतात, शेततळ्याने काय साधते, हा शेतीशास्त्राचा. ते पाणी पिणाऱ्या गुराढोरांचे काय होते, हा पशुवैद्यकाचा. गावोगाव मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार ऐकू येते. तिचा पाण्याशी संबंध नेमका किती आणि इतर कारणांशी किती, हे वैद्यकाने तपासायचे. वान धरणाच्या पाण्यावर अकोट-तेल्हाऱ्याकडे ८४ खेड्यांची नळयोजना आली, तिने बाईच्या डोक्यावरचा हंडा खरोखर किती उतरवला, हे समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राने मोजायचे. प्रश्न एक, शास्त्रे सहा.

हा प्रश्न घेऊन ती जाणार कोठे? अमरावतीचे संत गाडगे बाबा विद्यापीठ, स्थापना १९८३, हे सार्वजनिक विद्यापीठांच्या कायद्याखाली चालते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, स्थापना १९६९, कृषी विद्यापीठांच्या वेगळ्या कायद्याखाली. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला. आणि अकोल्यातीलच पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत. म्हणजे एका जिल्ह्यातल्या एका पाण्यासाठी चार विद्यापीठे, त्यांचे चार कायदे, चार नोंदणीपद्धती! पाणी मात्र कोणताच कायदा वाचून खारट होत नाही.

यावर कोणी म्हणेल, की आपल्या विद्यापीठांत आंतरविद्याशाखीय अशी स्वतंत्र शाखा आहेच की. आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ ने विद्यापीठांत चार विद्याशाखा ठरवून दिल्या : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यास. पण या चौथ्या शाखेत प्रत्यक्षात कोण आहे? शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, समाजकार्य, गृहविज्ञान, पत्रकारिता असे विषय. हे सर्व मोलाचे विषय आहेत, यात शंका नाही; परंतु प्रत्येकाचे दालन पुन्हा वेगळेच. भूजल आणि समाजशास्त्र यांना एका टेबलाशी बसवण्याची सोय केवळ शाखेच्या नावातून होत नाही. अर्ज करणाऱ्याने पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती हीच : जाहिरातीतले नाव पाहू नये, त्या नावाखाली मार्गदर्शक कोण आणि कोणत्या विषयांतले आहेत ते पाहावे.

एकापेक्षा अधिक शास्त्रे हाताळणे हे काही विलायती खूळ नव्हे. मराठी विद्वत्तेची ती चांगली परंपरा आहे. इरावती कर्वे समाजशास्त्र शिकून बर्लिनला गेल्या आणि मानवी कवटीच्या अभ्यासावर त्यांनी १९३० साली डॉक्टरेट मिळवली. त्याच बाईंनी पुढे भारतातील नातेसंबंधांवर ग्रंथ लिहिला, महाभारतावर ‘युगान्त’ लिहिले आणि कोयना धरणाने उठवलेल्या माणसांची पाहणीही केली. दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती. त्यांनी प्राचीन नाणी एकेक करून तराजूत तोलली, झिजेचे गणित मांडले आणि त्या वाटेने इतिहासात शिरले. १९५६ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथाने भारतीय इतिहासलेखनाला नवे वळण दिले. गंमत अशी, की कोसंबींकडे डॉक्टरेट नव्हतीच. आजच्या नियमांनी त्यांना मार्गदर्शकही होता आले नसते. आणि दुःखाची गोष्ट अशी, की टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६२ साली त्यांचा करार वाढवला नाही. बांधावर उभे राहणाऱ्याला दोन्ही शेतांतली माणसे कधीकधी परकी मानतात, हेही त्यातून शिकण्यासारखे आहे.

आपल्या वऱ्हाडाचे उदाहरण हवे असेल, तर पंजाबराव देशमुखांचे घ्या. पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा विलायतेत बॅरिस्टर झाला आणि डॉक्टरेट मिळवली ती वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर. परत येऊन त्यांनी शाळा-महाविद्यालये उभारली आणि स्वतंत्र भारताच्या शेतीचे खाते सांभाळले. वेदांवरचा प्रबंध आणि कपाशीचा भाव एकाच डोक्यात नांदू शकतात, याचा याहून मोठा पुरावा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या दारावरच कोरलेला आहे.

आता व्यवहाराकडे वळू. खरे आंतरविद्याशाखीय कार्यक्रम आहेत कोठे? पवईच्या आयआयटीत १९८५ पासून ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारे ‘सितारा’ केंद्र आहे. पाणी, शेती, ऊर्जा आणि विकासाची धोरणे हेच त्याचे क्षेत्र. त्याच संस्थेत २०१२ पासून हवामान अभ्यासाचा आंतरविद्याशाखीय कार्यक्रम चालतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दोन निराळ्या विभागांतले दोन मार्गदर्शक घेऊन पीएच. डी. करण्याची पद्धत आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही समाज, आरोग्य आणि पर्यावरण एकत्र पाहणारे संशोधन होते. प्रत्येक ठिकाणी पात्रतेच्या अटी वेगळ्या. म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

घर सोडणे शक्य नसेल, तर अमरावतीतूनही वाट निघते, आणि ती पुष्कळांना माहीत नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार विषय आंतरविद्याशाखीय असेल, तर दुसऱ्या विभागातला, दुसऱ्या महाविद्यालयातला, इतकेच नव्हे तर दुसऱ्या विद्यापीठातलाही सहमार्गदर्शक नेमता येतो. म्हणजे मुख्य मार्गदर्शक अमरावतीचे आणि सहमार्गदर्शक कृषी विद्यापीठाचे, अशी जोडी नियमात बसते. नोकरी करत अर्धवेळ पीएच. डी. करण्यासही त्याच नियमांनी मुभा दिली आहे. कार्यालयाचे ना-हरकत पत्र मात्र हवे.

पात्रतेचे म्हणाल, तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल आणि दिव्यांग यांना ५ टक्क्यांची सवलत आहे. विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर असतात, निम्मे विषयावर. निवडीत लेखी परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. २०२४ पासून नेटच्या गुणांवरही प्रवेश देता येतो. आणि येथेच बांधावरच्या विद्यार्थ्याची पहिली कसोटी लागते, कारण परीक्षा द्यावी लागते ती एकाच विषयात. तेव्हा आपले एक शास्त्र पक्के असले पाहिजे. ‘मला सगळ्यातले थोडे थोडे येते’ हे आंतरविद्याशाखीय संशोधन नव्हे. एका शेतात घट्ट पाय रोवूनच दुसऱ्या शेतात हात घालता येतो.

दुसरी कसोटी मार्गदर्शकाची. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात, जागा मोजक्या. म्हणून अर्ज भरण्याआधी, निदान सहा महिने, मार्गदर्शकांचे प्रबंध आणि लेख वाचावेत. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात. अकोटच्या घरात बसूनही ते जमते. नंतर दोन पानांत आपला प्रश्न लिहून भेटीस जावे. त्या दोन पानांत ‘खारपाणपट्ट्याचा सर्वांगीण अभ्यास’ असे मोघम काही असू नये. कोणती गावे, किती विहिरी, किती घरे, कोणत्या महिन्यात मोजणी, आणि कोणते शास्त्र कोठे लागणार, हे असावे. तीन वर्षांत एका माणसाच्या हातून होईल एवढाच प्रश्न घ्यावा. मुलाखतीत बहुतेक जण अडखळतात ते इंग्रजीमुळे नव्हे, तर प्रश्नच धूसर असल्यामुळे.

तिसरी कसोटी घरच्यांची आहे, आणि हे आईवडिलांनी नीट ऐकावे. नियमाने पीएच. डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहेत. फेरनोंदणीने आणखी दोन मिळतात, स्त्रियांना आणि दिव्यांगांना त्याहून दोन अधिक. मुलींना २४० दिवसांपर्यंत मातृत्व व बालसंगोपन रजाही आहे. तेव्हा लग्न झाले म्हणजे संशोधन संपले, हा समज टाकून द्यावा. पैशाचे म्हणाल, तर जेआरएफ मिळाली की २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये मिळतात. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. संख्या मर्यादित, म्हणून जाहिरातीवर लक्ष हवे.

आणि एक धोका लपवू नये. पदवी हाती आल्यावर सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीत पुन्हा तोच रकाना भेटतो : विषय. त्या वेळी पदवी कोणत्या विषयाखाली नोंदली आहे, यावर छाननी ठरते. म्हणून नोंदणीच्या दिवशीच, आपला प्रबंध कोणत्या अभ्यासमंडळाखाली जाणार, हे लेखी समजून घ्यावे. सहा वर्षांनी पश्चात्ताप करण्यापेक्षा एक दिवस खिडकीशी हुज्जत घातलेली बरी.

पण सगळा भार विद्यार्थ्यावरच का टाकायचा? चार विद्यापीठांनी मिळून खारपाणपट्ट्यासाठी संयुक्त मार्गदर्शक मंडळ नेमायला नवा कायदा लागत नाही. सहमार्गदर्शकाचे कलम आहे, ते वापरण्याची इच्छा हवी. हेच मंडळ उद्या मेळघाटाचा प्रश्नही हाती घेऊ शकेल. अभयारण्यातून उठून अकोट-तेल्हारा तालुक्यांत आलेल्या कोरकू गावांचे पुनर्वसन, किंवा व्याघ्रप्रकल्पातून जाणाऱ्या अकोला-खंडवा रेल्वेमार्गाच्या रुंदीकरणाचा वाद, हेही एकट्या वनशास्त्राने वा एकट्या अभियांत्रिकीने सुटणारे नाहीत. तेथे वाघ आहे, रूळ आहे आणि माणूसही आहे.

या आठवड्यात घरातल्या मुलीने असा काही विषय काढला, तर ‘नोकरी लागेल का?’ हे जरूर विचारा. तो प्रश्न रास्तच आहे. पण त्याआधी ‘तुझा प्रश्न काय आहे?’ हे विचारा. तिने तो दोन वाक्यांत, आपल्या बोलीत, आजोबांनाही कळेल असा सांगितला, तर तिची निम्मी तयारी झाली असे समजा. आणि अर्जाचे पैसे भरून टाका.