नमुना घेतला, तर उत्तरही द्या

ऑगस्ट २०२० मध्ये अंदमानातून बातमी आली. ग्रेट अंदमानी जमातीतल्या १० जणांना कोरोना झाला होता. आपल्याकडे एकेका चाळीत याहून जास्त रुग्ण निघाले, त्यामुळे हा आकडा लहान वाटेल. पण ही सारी जमातच जेमतेम ५०-६० माणसांची. म्हणजे दर पाच-सहा जणांत एक आजारी. सगळे बरे झाले, हे नशीब. १८५८ मध्ये इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत वसवली तेव्हा ही माणसे हजारोंनी होती. बाहेरून आलेल्या गोवरासारख्या रोगांनी ती खचत गेली. १९६१ च्या जनगणनेत फक्त १९ उरली होती.

अशा ठिकाणी विषाणूवर लक्ष ठेवायला हल्ली जनुकीय तपासणी करतात. कोरोना विषाणूची जनुकीय माहिती म्हणजे सुमारे ३०,००० अक्षरांची लांब ओळ समजा. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना तिची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. महिन्याला साधारण दोन अक्षरे बदलतात. दोन रुग्णांच्या विषाणूत चुका सारख्या असतील, तर साखळी बहुधा एकच. बऱ्याच वेगळ्या असतील, तर रोग दोन वाटांनी आत शिरला. डेल्टा प्रकार असाच ओळखला गेला, आणि त्याचे सुरुवातीचे नमुने आपल्या महाराष्ट्रातलेच होते.

ही तपासणी व्हायलाच हवी. पण सुरुवात कोणापासून करायची? बेटावर रोग बोटीने किंवा विमानाने येतो. म्हणून पहिला स्वॅब बाहेरून उतरणाऱ्यांचा आणि जमातीत ये-जा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा घ्यावा. वाट सापडली की ती लगेच बंद करावी. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकन समोआने बाहेरच्या बोटी अडवल्या. तिथे एकही माणूस दगावला नाही. शेजारच्या पश्चिम समोआत ऑकलंडहून आलेली बोट धक्क्याला लागू दिली, आणि पाचातला एक माणूस गेला. वाट बंद केली नाही, तर नुसती अक्षरे वाचून कोणाचा जीव वाचत नाही.

दुसरी गोष्ट विश्वासाची. स्वॅबमध्ये विषाणूबरोबर माणसाच्या पेशीही येतात. विषाणू तपासायला घेतलेल्या नमुन्यातून माणसाची जनुके वाचायची असतील, तर त्याची वेगळी परवानगी हवी, आणि तीही त्याला कळेल अशा भाषेत. नाव झाकले म्हणजे झाले, असेही नाही. ५० माणसांत वय आणि बेट सांगितले की माणूस लगेच ओळखू येतो. आणि निकाल आधी त्या माणसांना कळावा, मग अहवालात छापावा.

बेटावरच्या माणसासाठी जे मागतो, तेच आपणही मागावे. वस्तीत स्वॅब घ्यायला आरोग्यसेविका आल्या तर दार लावू नका, नमुना द्या. पण विचारा: ताई, निकाल कधी मिळेल? कोण सांगेल? उरलेल्या नमुन्याचे काय करणार? असे विचारले म्हणून तपासणी अडत नाही. उलट उत्तर मिळाले, तर पुढच्या वेळी शेजारीणही स्वतःहून पुढे येईल.