मोत्याचा नोटीस पिरियड

ऑफिसात एक चक्कर मारून बघा. निम्म्या मॉनिटरवर तोच वॉलपेपर असतो. निळंशार पाणी, पांढरी वाळू, एक तिरका माड आणि रिकामी आरामखुर्ची. त्या खुर्चीत आपण बसलोय, मांडीवर लॅपटॉप आहे आणि बॉस सात समुद्रांपलीकडे आहे, हे स्वप्न आता काही फक्त स्वप्न राहिलेलं नाही. मॉरिशसने 2020मध्ये ‘प्रीमियम व्हिसा’ आणला. महिना 1500 डॉलर कमावून दाखवा आणि वर्षभर तिथे बसून काम करा! थायलंडने जुलै 2024मध्ये ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ काढला. बँकेत पाच लाख बाट दाखवा, पाच वर्षांचा व्हिसा घ्या, एका वेळी 180 दिवस राहा.

पण त्या वॉलपेपरमध्ये एक गोष्ट कधीच नसते. कुत्रं!

आणि तुमच्या-माझ्या पिढीत निम्म्या फ्लॅटमध्ये आता ते असतंच. माझ्या एका मित्राचंच घ्या ना. गडी मूळचा किल्ले धारूरचा, जिल्हा बीड. बालाघाटच्या डोंगरातलं गाव. किल्ला आहे, घाट आहे, गोड सीताफळं आहेत. नाही तो फक्त समुद्र, सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. नोकरी हिंजवडीला, आणि वन बीएचकेमध्ये रूममेट म्हणून मोत्या. गावाकडून पिल्लू असताना आणलेला, अस्सल गावठी, कान उभे, शेपटीला वेटोळं. कंपनीने ‘बाहेरून काम करायला हरकत नाही’ असं म्हटल्यावर साहेब हवेत! दोन महिन्यांनी निघायचं ठरलं, घरमालकाला सांगून झालं, बाइक विकायला काढली.

मी विचारलं, ‘‘मोत्याचं काय?’’

‘‘म्हणजे काय? येणारच तो. त्याच्याशिवाय मी कुठेच जात नाही.’’

‘‘त्याचा नोटीस पिरियड किती आहे, माहितीये?’’

इथे साहेब गप्प. मंडळी, आजचा कॉलम त्या गप्प बसण्याबद्दल आहे. कारण आपला नोटीस पिरियड असतो तीस, साठ, फार तर नव्वद दिवस. कुत्र्याचा मात्र देशाप्रमाणे दोन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत काहीही असू शकतो. आणि तो बायआउट करता येत नाही!

आधी नकाशा, मग तिकीट

पहिली गोष्ट, सगळे बीच कुत्र्यांसाठी खुले नसतात. आपल्या जवळचं म्हणजे मालदीव. तिथे कुत्रं आणायलाच बंदी आहे. विषय कट.

मग बाली. बालीची गोष्ट मात्र नीट ऐकण्यासारखी आहे. 2008पर्यंत या बेटावर रेबीज नव्हता. मग तो आला. बहुधा दुसऱ्या बेटावरून होडीत बसून आलेल्या एखाद्या कोळ्याच्या कुत्र्याबरोबर, असं मानतात. एकच कुत्रं असेल कदाचित! पुढच्या काही वर्षांत शंभराहून जास्त माणसं दगावली आणि हजारो कुत्री मारली गेली. तेव्हा बालीने कुत्र्या-मांजरांची ये-जा बंद केली. एकदा लक्षणं दिसली की रेबीजवर इलाज नाही, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. बेटांना ते फार महागात पडून कळतं. म्हणून बेटांवरचे ऑफिसर हसत नाहीत. तुमचा मोत्या कितीही गोड असो, त्यांच्या लेखी तो रेबीज असलेल्या देशातून आलेला प्राणी असतो.

खोटं वाटतं? जॉनी डेपला विचारा. 2015मध्ये त्याची दोन चिमुकली यॉर्कशायर टेरिअर, पिस्टल आणि बू, प्रायव्हेट जेटमधून ऑस्ट्रेलियात उतरली. कागद दाखवलेच नव्हते. तिथले शेतीमंत्री बार्नबी जॉइस यांनी सरळ सांगितलं, कुत्री परत न्या, नाहीतर मारून टाकू. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’चा हीरो, पण कुत्र्यांना परतीचं विमान पकडावं लागलं. पुढच्या वर्षी त्याची तेव्हाची बायको अँबर हर्ड हिने कोर्टात खोट्या कागदाचा गुन्हा कबूल केला आणि दोघांनी व्हिडिओवर माफी मागितली. ज्याच्याकडे स्वतःचं विमान आहे त्याची ही गत, आपण तर इकॉनॉमीवाले!

मॉरिशसचं आपल्याला वेगळं कौतुक आहे, आणि असायलाच हवं. 1834पासून जवळपास पाच लाख गिरमिटिये पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले, ऊस लावायला आणि तोडायला. त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. तो धक्का, आप्रवासी घाट, 2006पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथे आजही मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. एवढं आपलं बेट, पण मोत्याला त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही. त्याला आधी तिथल्या पशुवैद्यकीय खात्याचं इम्पोर्ट परमिट लागतं आणि उतरल्यावर क्वारंटाइन. डोडो पक्षी याच बेटावरचा, हे विसरू नका. तो संपला त्यात खलाशांच्या शिकारीइतकाच त्यांनी बरोबर आणलेल्या उंदीर, डुक्कर, माकडांचाही हात होता. बाहेरचा प्राणी बेटावर काय करू शकतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

उरला थायलंड. तुलनेने सोपा. परमिट काढायचं, चिप आणि लशी पूर्ण करायच्या, रेबीजची लस निघण्याआधी किमान 21 दिवस दिलेली असायला हवी. पिटबुल मात्र चालत नाही. मित्राने नकाशावर बोट ठेवलं ते इथेच.

क्रम चुकला की खेळ खलास

आता खरी गंमत. मोत्याच्या लशी अगदी वेळच्या वेळी झालेल्या. पहिली धारूरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, नंतरच्या पुण्यात. पुस्तकात शिक्के, सह्या, सगळं टापटीप. तरी प्रॉब्लेम झालाच. कारण चिप नव्हती!

मायक्रोचिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू. मानेजवळ कातडीखाली इंजेक्शनने बसवतात, त्यात 15 आकडी नंबर असतो. हाच कुत्र्याचा पासपोर्ट नंबर. बऱ्याच देशांचा नियम असा की आधी चिप, मग रेबीजची लस. चिपच्या आधी दिलेली लस ते धरतच नाहीत, कारण ती याच कुत्र्याला दिली याचा पुरावा काय? म्हणजे चिप बसवा, लस परत द्या आणि दिवस पुन्हा शून्यापासून मोजा.

युरोपसारख्या कडक ठिकाणी याच्या पुढची पायरी असते, टायटर टेस्ट. लस दिल्यावर तीस दिवसांनी रक्त काढायचं, मान्यताप्राप्त लॅबकडे पाठवायचं. लशीचा असर मिलिलिटरला किमान 0.5 युनिट भरला की पास. तरी लगेच विमानात बसता येत नाही. रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. बेरीज करा : चिप, लस, महिना, लॅब, तीन महिने, परमिट. झाले की नाही चार महिन्यांहून जास्त? आज थायलंड आणि दोन वर्षांनी जर्मनी असा विचार डोक्यात असेल, तर ही टेस्ट इथेच करून ठेवा. लस वेळेवर चालू ठेवली तर युरोप ती पुन्हा मागत नाही.

शेवटी आपल्या बाजूचा कागद. मुंबईत केंद्र सरकारचं ॲनिमल क्वारंटाइनचं ऑफिस आहे. डॉक्टरांचं हेल्थ सर्टिफिकेट, लशींचं पुस्तक, तिकडचं परमिट घेऊन प्रवासाच्या तोंडावर तिथे जायचं. ते तपासून सर्टिफिकेट देतात, मगच कार्गोवाले कुत्र्याला हात लावतात. आणि हो, परत भारतात आणतानाही एनओसी लागते. म्हणजे हा वन वे समजूनच तयारी करा.

विमानात गावठी कुत्र्याला एक फायदा आहे बरं का! पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना बऱ्याच एअरलाइन्स कार्गोत घेतच नाहीत, त्यांना श्वासाचा त्रास होतो म्हणून. आपल्या मोत्याचं नाक लांब. पिंजरा मात्र असा हवा की त्यात त्याला उभं राहता, वळता आणि पसरता आलं पाहिजे. तो महिनाभर आधी घरात आणून ठेवा, त्यातच खायला द्या, झोपू द्या. प्रवासात गुंगीचं औषध देऊ नका, उंचीवर श्वास आणि रक्तदाबाचे प्रश्न होऊ शकतात. आणि खर्चाचं म्हणाल, तर मोत्याचं येणं तुमच्या तिकिटापेक्षा महाग पडू शकतं. एजन्सीकडे काम दिलंत तर आकडा लाखांत जातो.

‘त्याला इचारलंस का?’

हे सगळं एक्सेल शीटमध्ये बसवून मित्र धारूरला गेला, आईला सांगायला. मोत्या बरोबर. आईने शीट वगैरे काही बघितलं नाही. एवढंच म्हणाली, ‘‘आरं, त्याला इचारलंस का?’’

हसू नका. धारूरच्या माणसाला स्थलांतर शिकवायची गरज नाही. दसरा झाला की या तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांतून कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, लेकरं, भांडीकुंडी, बैल, शेळ्या, कोंबड्या, आणि गाडीबरोबर कुत्रं. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्याच्या तळावर कोप्या पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तेच घर. त्या कुत्र्याला ना चिप, ना परमिट. पण त्याचं काम ठरलेलं असतं. माणसं पहाटे फडात गेली की कोपी राखायची. त्याची माणसं तिथे आहेत, तर त्याचं गाव तिथे आहे. त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही, ती कष्टाची गोष्ट आहे. पण कुत्र्याच्या बाजूने हिशेब साफ आहे.

आपला हिशेब तितका साफ असतो का? आईचा प्रश्न तोच होता. आपण कुत्र्याला नेतो ते त्याच्यासाठी, की परक्या देशात संध्याकाळी दार उघडल्यावर कुणीतरी शेपूट हलवावी म्हणून? दुसरं कारण वाईट नाही. फक्त ते पहिल्याच्या नावाने खपवू नये.

कारण बीच कुत्र्याला वॉलपेपरसारखा दिसत नाही. धारूरचा उन्हाळा कडक, पण कोरडा. कुत्रं अंग थंड करतं ते मुख्यतः धापा टाकून, जिभेवरचं पाणी उडून. दमट हवेत ते पाणी नीट उडतच नाही. म्हणजे तीच चाळिशी गाठायला नको, किनाऱ्यावरच्या बत्तीस डिग्रीतही मोत्या हैराण होऊ शकतो. दुपारची वाळू पंजे भाजते. समुद्राचं पाणी प्यायलं की उलट्या-जुलाब. डास आणि गोचिडी बाराही महिने, त्यांच्याबरोबर हार्टवर्म आणि गोचीडताप. म्हणून फिरणं पहाटे आणि सूर्य मावळल्यावर, गोड्या पाण्याची बाटली कायम हातात, गोचिडीचं औषध न चुकता.

आणि वय! कुत्र्याचं आयुष्य बारा-तेरा वर्षांचं. तुमची दोन वर्षांची असाइनमेंट म्हणजे त्याच्या आयुष्याचा सहावा हिस्सा. कुत्रं तीन-चार वर्षांचं, तब्येतीने ठणठणीत असेल तर जरूर न्या. दहा वर्षांचं, गुडघे गेलेलं, आवाजाला बिचकणारं असेल, तर कार्गोचा पिंजरा आणि क्वारंटाइन त्याच्यावर लादू नका. ज्या अंगणात ते वाढलं, ज्या गल्लीतली प्रत्येक सायकल ते ओळखतं, तिथे आईबाबांपाशी ठेवणं म्हणजे सोडून देणं नव्हे. पण मग त्याचं खाणं, लशी, डॉक्टर यांचे पैसे दर महिन्याला पाठवा. आई म्हणेल, ‘‘नको रं, एका भाकरीचा तर सवाल हाय.’’ तरी पाठवा.

सोडून देणं वेगळं असतं. ते शेवटच्या आठवड्यात होतं. व्हिसा आलेला, तिकीट नॉन-रिफंडेबल, आणि तेव्हा कळतं की चिप नाही. मग सोसायटीच्या ग्रुपवर ‘अर्जंट अडॉप्शन’चा मेसेज फिरतो, फोटोत लाल पट्ट्यातलं कुत्रं कॅमेऱ्याकडे बघत असतं. तिथे प्रेम कमी पडलेलं नसतं बॉस, तारीख चुकलेली असते.

मित्राने काय केलं? मोत्या चार वर्षांचा, तब्येत फर्स्ट क्लास. जायचं ठरलंय, दोघांचंही. फक्त कंपनीला त्याने मेल टाकली आणि जॉइनिंग चार महिने पुढे ढकललं. कारण विचारलं तेव्हा खरं तेच लिहिलं : घरातल्या एका मेंबरचा नोटीस पिरियड बाकी आहे. एचआरने उलट विचारलं, ‘‘मिसेस वर्किंग आहेत का?’’

तुमच्याही डोक्यात माड आणि वाळू घोळत असेल, तर ट्रॅव्हल साइट नंतर उघडा. आधी या शनिवारी कुत्र्याला घेऊन डॉक्टरकडे जा, चिप बसवा आणि त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहा. तुमचं विमान त्या तारखेपासून मोजायचं!