प्रेरणेचा खुराक

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोहा हें तालुक्याचें गांव लागतें. या दोन्ही शहरांतील शिकवणीवर्गांची ख्याति आतां सर्वतोमुखीं झाली आहे, आणि लोह्याचीं मुलें दहावी झालीं कीं एका बाजूस नांदेड व दुसऱ्या बाजूस लातूर अशा दोन ओढींमध्यें सांपडतात. भाड्याची खोली, खाणावळीचा डबा, भिंतीवर चिकटविलेलें वेळापत्रक आणि दर आठवड्याची चाचणी, असें त्यांचें पुढील दोन वर्षांचें जीवन असतें. या काळांत मुलानें काय पाहावें याचाही निर्णय सुशिक्षित घरांतून होऊं लागला आहे. भयपट नको, कारण झोप उडेल. करुण कथा नको, कारण मन खचेल. विनोद नको, कारण वेळ जाईल. पाहावयाचेंच असेल तर कांहीं ‘प्रेरणादायी’ पाहावें! दारिद्र्यांतून वर आलेला नायक, रात्रीचा दिवस करून केलेला अभ्यास आणि शेवटीं यादींत झळकणारें नांव, या तीन गोष्टी ज्यांत असतील तो चित्रपट मनास बळ देतो, अशी श्रद्धा रूढ झाली आहे. ही श्रद्धा खोटी आहे, आणि खोटी असून निरुपद्रवीही नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम या प्रेरणेचें गणित पाहूं. २०२४ सालीं वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेस देशांतून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एम.बी.बी.एस.च्या जागा १ लाखाहून थोड्या अधिक होत्या. म्हणजे २० मुलांमागें पुरती एक जागाही येत नाहीं. उरलेल्या १९ जणांनीं रात्रीचा दिवस केला नव्हता, असें कोण म्हणेल? प्रेरणापटांत मात्र या १९ जणांस स्थान नसतें. तेथें अपयश येतें तें पुढील यशाची गोडी वाढविण्यापुरतें. ज्या मुलाची कथा त्या रीतीनें संपत नाहीं, त्याला तो चित्रपट एवढेंच सांगतो कीं, तुझे कष्ट कमी पडले. धीर देण्यासाठीं दाखविलेलें चित्र अशा प्रकारें आरोपपत्र होऊन बसतें.

२०२३ सालच्या ‘ट्वेल्थ फेल’ या चित्रपटाचें उदाहरण घ्या. चंबळच्या खोऱ्यांतील एक गरीब मुलगा बारावींत नापास होऊन पुढें भारतीय पोलीस सेवेंत जातो, ही मनोज कुमार शर्मा यांची हकिकत विधु विनोद चोप्रा यांनीं त्यांत सांगितली आहे, आणि ती चांगली सांगितली आहे. चित्रपटाशीं आमचें भांडण नाहीं. भांडण आहे तें त्याचा आसूड करणाऱ्या पालकांशीं. नायकानें पिठाच्या गिरणींत राबून अभ्यास केला, तुला तर सारें जागेवर मिळतें, हें वाक्य एकदां उच्चारलें कीं कलाकृति संपली आणि शिक्षा सुरू झाली. याच्या उलट २०१९ सालच्या ‘छिछोरे’ या चित्रपटांत प्रवेशपरीक्षेंत अपयश आल्यामुळें मुलगा जिवावर उदार होतो, आणि बापास उमगतें कीं, यश आलें तर तें साजरें कसें करावयाचें हें आपण ठरवून ठेविलें होतें. पण यश न आलें तर काय, हें मुलाशीं कधीं बोललोंच नाहीं. मराठवाड्यांतील किती घरांतून हें बोलणें झालें आहे, याचा विचार ज्यानें त्यानें आपल्याशीं करावा.

या श्रद्धेच्या अगदीं दुसऱ्या टोकास आणखी एक श्रद्धा उभी आहे, आणि तीही तितकीच उथळ आहे. कोरोनाच्या साथीच्या आरंभीं, एप्रिल २०२० मध्यें, कोल्टन स्क्रिव्हनर व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंतील सुमारे ३०० लोकांस त्यांच्या चित्रपटांच्या आवडीविषयीं व मनःस्थितीविषयीं प्रश्न विचारले. निष्कर्ष २०२१ सालीं मानसशास्त्राच्या एका नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. भयपटांचे शौकीन त्या दिवसांत मनानें कमी ढासळले होते, आणि जगबुडी, परग्रहवासीयांचें आक्रमण, चालतीं प्रेतें असले चित्रपट आवडणाऱ्यांची संकटास तोंड देण्याची तयारीही अधिक होती, असें त्यांस आढळलें. संशोधकांनीं आपला निष्कर्ष जपून मांडला होता. बातमीदारांनीं तो मोकाट सोडला. भुताचे चित्रपट पाहा आणि मन घट्ट करा, असा जणूं काढ्याचा नुसखाच लोकांच्या हातीं पडला! परंतु एकाच वेळीं विचारलेल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून कारण कोणतें आणि कार्य कोणतें हें ठरत नाहीं. भयपटानें मन घट्ट झालें, कीं मुळांत घट्ट मनाच्या माणसासच भुताखेतांची हौस असते? शिवाय स्वतःच्या मनाविषयीं स्वतःच दिलेली साक्ष हा पुरावा कितपत भक्कम, हेंही पाहावें लागतें.

त्याच सुमारास आपल्याकडे काय घडत होतें? २८ मार्च २०२० पासून दूरदर्शननें रामानंद सागर यांचें ‘रामायण’ पुन्हा दाखविण्यास आरंभ केला, आणि ज्यांस त्यांतील प्रत्येक प्रसंग ठाऊक होता अशीं कुटुंबेंच्या कुटुंबें तें पाहावयास बसलीं. त्यांत नवें भय नव्हतें कीं उत्कंठा नव्हती. होती ती ओळखीची कथा आणि सोबत. मग पौराणिक चित्रांनीं मन बळकट होतें असा सिद्धान्त आम्हीं मांडावा काय? तसें करणें हास्यास्पद होईल. अमक्या जातीचा चित्रपट म्हणजे अमक्या रोगावरील मात्रा, हा हिशेबच मुळांत चुकीचा आहे.

तथापि त्या संशोधनाच्या मुळाशीं असलेली कल्पना टाकाऊ नाहीं, आणि आपल्याला ती परकी तर मुळींच नाहीं. सुरक्षित जागीं बसून भयाची तालीम करतां येते, हें तिचें सार. भरतमुनींनीं दुःखानें, श्रमानें व शोकानें पीडलेल्यांस नाट्य विश्रांति देईल असें सांगितलें, आणि शृंगार-वीरांच्या पंक्तीस करुण, भयानक व बीभत्स यांनाही मानानें बसविलें. करुणापासून आनंद कां होतो, या प्रश्नावर मराठींत दीर्घकाळ वाद झाले, आणि त्यांतच न. चिं. केळकरांनीं सविकल्प समाधीची उपपत्ति मांडली. रसिक दुसऱ्याच्या अंतःकरणांत प्रवेश करतो, पण स्वतःचें भान सोडून नव्हे. तो एकाच वेळीं तेथेंही असतो आणि येथेंही असतो. मनाचा खरा व्यायाम या दुहेरी भानांत आहे. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटांतील लोभाचें भीषण रूप पाहणारा मनुष्य घाबरतो, परंतु आपण खुर्चीवर बसलों आहों हें त्यास ठाऊक असतें. म्हणूनच तो त्या लोभाकडे डोळे उघडे ठेवून पाहूं शकतो. प्रेरणापट मुलास हें दुहेरी भान राखूं देत नाहीं. कारण तो चालूं असतांना वडील शेजारीं बसून ‘हा नायक म्हणजे तूंच’ असें सुचवीत असतात. जेथें अंतर उरत नाहीं, तेथें रसही उरत नाहीं. उरतो तो केवळ धाक.

करुण रसानें मन दुबळें होतें, हा आक्षेप तर मराठी माणसानें घ्यावा हें नवलच. प्रभातचा ‘संत तुकाराम’ हा १९३६ सालचा बोलपट महाराष्ट्राच्या खेडोपाडीं पाहिला गेला. त्यांत घरची उपासमार आहे, संसाराची ओढाताण आहे. आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ या चित्रपटास राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें, आणि त्याच्या शेवटीं मुलाच्या वांट्यास यश येत नाहीं, आईचा वियोग येतो. १९९१ सालच्या ‘माहेरची साडी’स सुशिक्षितांनीं नाकें मुरडलीं; पण बायका घोळक्यांनीं जाऊन तो पाहत होत्या आणि पोटभर रडत होत्या. त्या रडण्यानें कोणी दुबळी झाली नाहीं. घरीं परतून प्रत्येकीनें चूल पेटविलीच. जें दुःख घरांत उघड बोलतां येत नव्हतें, त्याला चार जणींत बसून वाट मिळाली, हें त्या चित्रपटाचें कार्य होतें. तो कलादृष्ट्या थोर होता कीं नव्हता, हा वाद वेगळा. २०१६ सालीं ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार प्रभृतींनींही असें दाखविलें कीं, एका दुर्दैवी माणसाची हेलावून टाकणारी कथा एकत्र बसून पाहिलेल्या प्रेक्षकांमध्यें, ज्यांचीं मनें खरोखर हेलावलीं त्यांची शारीरिक वेदना सोसण्याची शक्ति वाढली, आणि शेजारच्यांविषयीं आपुलकीही वाढली. एकत्र बसून पाहणें, हे शब्द येथें महत्त्वाचे आहेत.

लोह्याजवळच माळेगांवची खंडोबाची यात्रा भरते. जनावरांच्या बाजाराइतकीच ती तमाशाच्या फडांसाठीं प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रांतील अशा यात्रांतून तंबूंत दाखविले जाणारे फिरते चित्रपट शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनीं ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या अनुबोधपटांत टिपून ठेविले आहेत. तेथील प्रेक्षक भ्याला तर शेजाऱ्याचा हात धरी, रडला तर शेजाऱ्याच्या देखत रडे. आतां भाड्याच्या खोलींतला मुलगा कानांत यंत्र घालून हातभर अंतरावरच्या पडद्यावर एकटाच दुसऱ्याचें यश पाहतो. त्याच्या मनास बळ कोठून यावें?

या विषयाचें खरें मराठी उदाहरण हवें असेल तर तें ‘कासव’ या चित्रपटांत आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटास ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत, म्हणजे २०१७ सालीं, सुवर्णकमळ मिळालें. जीवनास कंटाळलेला एक तरुण त्यांत आहे. त्याला आधार देणारी स्त्री त्याची उलटतपासणी करीत नाहीं, उपदेश करीत नाहीं. जागा देते आणि वेळ देते. शेवटीं कोणतीही परीक्षा उत्तीर्ण होत नाहीं, कोणतीही यादी लागत नाहीं. या चित्रपटाचे एक निर्माते डॉ. मोहन आगाशे हे नट आणि मनोविकारतज्ज्ञ दोन्ही आहेत. किल्लारीच्या भूकंपानंतर तेथील लोकांच्या मानसिक आरोग्याच्या अभ्यासांत ते होते. आणि चित्रपट दाखवून मग त्यावर लोकांस बोलतें करणें, हा मार्ग त्यांनीं पुढें अनेक वर्षें चालविला. यांतील क्रम ध्यानांत घ्यावा. चित्रपट आधीं, बोलणें नंतर. आणि औषध असलेंच तर तें बोलण्यांत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरील गांवें गणेशविसर्जन आटोपून निजलेलीं असतांना जमीनदोस्त झालीं. हजारों माणसें गेलीं. जीं उरलीं तीं पुन्हा उभीं राहिलीं, तीं कोणाच्या यशाची कथा ऐकून नव्हे. सांत्वनास आलेले सोयरे, बांधून मिळालेलीं घरें, पुढच्या हंगामाची पेरणी आणि गेलेल्यांची नांवें घेऊन रडण्याची मोकळीक, यांनीं त्यांना उभें केलें. हें शहाणपण मराठवाड्याच्या मातींत असतांना आपल्या मुलांस अश्रूंपासून तोडण्याची बुद्धि आपणांस कां व्हावी?

कोणी म्हणेल, मग काय लहान पोरांस भुतें दाखवावींत? तसें आम्ही म्हणत नाहीं. ज्याला भय सोसत नाहीं त्याच्यावर तें लादणें क्रूरपणाच आहे, आणि न आवडणारा रस गळीं उतरविणें हा प्रेरणापटवाल्यांचाच दोष पुन्हा करणें होय. कोणी म्हणेल, अभ्यासाचा वेळ जातो. जातो खरा, पण महिन्यांतून एका संध्याकाळीं तीन तास गेल्यानें जी परीक्षा हातची जाते, ती हातीं होती असें मानण्यांत अर्थ नाहीं. आणि ज्या मुलाची झोप, भूक व बोलणें हीं तिन्ही आठवडेच्या आठवडे बिघडलीं आहेत, त्याला कोणताही चित्रपट पुरणार नाहीं. त्यानें वैद्याकडे जावें, किंवा २०२२ सालीं सरकारनें सुरू केलेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावें; आणि त्यांत लाज मानूं नये, हें सांगण्याचें काम आईबापांचें आहे.

आमची मागणी लहान आहे. मुलगा सुटींत लोह्यास घरीं येईल तेव्हां काय पाहावयाचें हें त्यालाच ठरवूं द्यावें. तो भयपट निवडो, विनोदी निवडो, रडविणारा निवडो. घरच्यांनीं त्याच्या शेजारीं बसून तो पाहावा. संपल्यावर तात्पर्य काढूं नये. काढलेंच तर मुलाला काढूं द्यावें आणि आपण ऐकावें. आणि निकालाच्या आधीं केव्हां तरी, नायकाच्या निमित्तानें कां होईना, यश न आल्यास या घराचें दार कसें उघडेल हें त्याला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावें.