नळी आखूड नको, रेंज जवळ हवी

मुकुटबनच्या भागात बंदूक म्हटले की आधी शेत आठवते. झरी जामणी तालुक्याच्या या पट्ट्यात पऱ्हाटीला बोंडे धरली, तूर भरली की रात्री रानडुकरे आणि रोही उतरतात आणि शेतकरी बॅटरी, फटाके घेऊन जागलीला जातो. दुसरी आठवण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीची. याच यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ अवनी वाघिणीला गोळी घातली गेली आणि त्यावरचा वाद न्यायालयापर्यंत पोहोचला. बंदूक हे खेळाचेही साधन आहे, हे इथल्या पोरांना कळते ते मोबाइलवरून.

मोबाइलवर दिसणारी नेमबाजी पुष्कळदा ऑलिंपिकची नसते. ती असते ‘प्रॅक्टिकल शूटिंग’. खेळाडू धावतो, भिंतीआडून डोकावतो, दारातून वळतो, वाटेतल्या लक्ष्यांवर एकामागून एक गोळ्या झाडतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे, की निकाल हाती. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेत, मिसुरी राज्यातल्या कोलंबिया शहरात स्थापन झाली. निकाल भागाकाराने लागतो, त्यामुळे अर्धा सेकंदही महागात पडतो. म्हणूनच आखूड नळीची रायफल तिथे अनेकांना प्रिय आहे. ती चौकटीला अडत नाही आणि एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर झटकन फिरते.

फायदा खरा आहे, पण वाटतो तेवढा मोठा नाही. रायफलच्या काडतुसातली दारू नीट जळायला नळीची लांबी लागते. नळी कापली की गोळीचा वेग घटतो, तोंडाशी जाळ आणि आवाज वाढतो. पिस्तुलाचे काडतूस वापरणाऱ्या कार्बाइनमध्ये दारू लवकर जळते, तिथे आखूड नळी चालून जाते. पण अमेरिकेतले स्पर्धक काय करतात ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्या कायद्यात १६ इंचांहून कमी नळीची रायफल सरकारदरबारी नोंदवावी लागते. ती कटकट नको म्हणून कित्येक जण छोट्या नळीच्या पुढे हलक्या धातूचे पोकळ नळकांडे कायमचे जोडून घेतात. माप १६ इंच भरते आणि टोकाचे वजनही वाढत नाही. म्हणजे स्पर्धेला हवे होते हलके टोक. त्यासाठी रायफल आखूड करण्याची गरजच नव्हती.

ऑलिंपिकच्या एअर रायफलमध्येही अशीच युक्ती असते. बाहेरून लांबलचक दिसणाऱ्या नळकांड्याच्या आत खरी नळी बरीच आखूड असते. छर्रा लवकर सुटतो, हाताच्या थरथरीला फारसा वाव उरत नाही. पुढची साइट मात्र दूर राहते, त्यामुळे नेम बारीक लागतो.

आखूड रायफलीच्या नोंदणीबद्दलची अमेरिकेतल्या नेमबाजांची तक्रार रास्त आहे, हे मान्य करायला हवे. १९३४ च्या त्यांच्या कायद्याच्या पहिल्या मसुद्यात पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरही होते. रायफल कापून कोणी पळवाट काढू नये म्हणून आखूड रायफलही त्यात घातली गेली. पुढे पिस्तूल वगळले गेले, आखूड रायफल मात्र तशीच राहिली. तिच्यावरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला असला, तरी नोंदणीचे बंधन उठलेले नाही. पिस्तूल दुकानातून सहज घरी नेता येते तिथे आखूड रायफलीचीच वेगळी नोंद कशाला, हा प्रश्न बिनतोड आहे.

आपल्याकडे तो प्रश्नच उद्भवत नाही, कारण इथे पिस्तूलही परवान्याशिवाय मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ मुकुटबनच्या शेतकऱ्याने एकदा वाचावे असे आहे. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक, स्वसंरक्षण किंवा खेळासाठी २० इंचांहून कमी नळी नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक, आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला सरावासाठी पॉइंट २२ ची रायफल किंवा एअर रायफल, हे सगळे त्यात एकाच ठिकाणी सांगितले आहे. कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय नळी कापणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली आहे. कडक आहे, पण लांब बंदूक खांद्यावर दिसते आणि कापलेली शर्टाखाली मावते, हा फरक नाकारता येत नाही. सेनादलाचे ९ मि.मी. काडतूस झाडणारी कार्बाइनही निर्बंधित शस्त्रांत मोडते.

तेव्हा खेळाच्या नावाखाली नळीच्या लांबीची ही मर्यादा सैल करा, अशी मागणी इथे कोणी करू नये. कायदा खेळाचा वैरी नाही. त्याच २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीन शस्त्रांवरून दोनवर आणली, तर २०२० मध्ये नामवंत नेमबाजांसाठी ती उलट वाढवण्यात आली.

अडचण आहे ती नेमबाजीच्या रेंजची. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह त्याने कांस्यपदक घेतले. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला. ही नावे कोल्हापूर, ठाण्याची आहेत. विदर्भाच्या या कोपऱ्यात नजर आणि संयम कमी आहे म्हणून ती इथली नाहीत, असे कोण म्हणेल? रात्ररात्र जागल करणाऱ्या पोराला स्थिर बसणे शिकवावे लागत नाही.

दहा मीटर एअर रायफलला फार काही लागत नाही. पंधरा-सोळा मीटर लांबीचा बंद हॉल, पुरेसा उजेड, छर्रे अडवणारी मागची भिंत आणि टार्गेट ओढून आणायची दोरी-चकरी. त्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ४.५ मि.मी. पर्यंतच्या आणि २० ज्यूलहून कमी ताकदीच्या एअर रायफलला परवानाही लागत नाही. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सामाजिक दायित्वाचा निधी ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणावर खर्च करण्याची मुभा आहे, आणि मुकुटबनला तर सिमेंटचा मोठा कारखाना उभा आहे. ग्रामपंचायतीने शाळेतला एक हॉल द्यावा, कारखान्याने पाच-सहा रायफली घ्याव्यात, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी आठवड्यातून दोन दिवस प्रशिक्षक पाठवावा. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी हे होऊ शकते.